तात्यांच्या हातात कात्री

तुम्ही कधी विश्वासाचं शिबिर केलंय का? आमच्या द्राक्षवाल्यांच्या गटाचं नाशकात झालं. सर म्हणाले, डोळे मिटून मागे पडा, बाकीचे झेलतील. आम्ही एकेक करून पडलो, सगळ्यांना नीट झेललं. सर खूश. "बघा, बसला ना विश्वास!"

मी म्हटलं, "थांबा सर." गेल्या हंगामात डावणी रोगानं आमच्या सगळ्यांच्या बागा गेल्या, शेजारच्या तात्यांची तेवढी वाचली. तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं, "तात्या, डावणीला काय मारलं होतं?"

तात्या पंख्याकडे बघत म्हणाले, "काय नाय वहिनी, नेहमीचंच."

घ्या! माणूस झेलतील, पण औषधाचं नाव सांगणार नाहीत. आणि म्हणे गट करून माल परदेशात पाठवायचा! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खरा विश्वास बघायचाय? उद्या माझ्या बागेची छाटणी आहे. पहिली ओळ तात्या छाटतील. मी मधे एक शब्द बोलणार नाही."

घरी नवरा म्हणाला, "वेड लागलंय का? काडी चुकीच्या डोळ्यावर छाटली तर घडाचा कोंब येणार नाही."

"नाही आला तर नाही आला."

सकाळी अख्खा गट बांधावर हजर. तात्यांनी काडी धरली, तिच्यावरचे डोळे मोजले, परत मोजले. कात्री बरोबर जागी चालली. मग हळूच माझ्याजवळ आले, कानात औषधाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "पण वहिनी, कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "तात्या, मोठ्यानं!"