देशपांडेकाकूंचे डोळे

अगं, देशपांडेकाकांची बदली झाली तेव्हाची गंमत! इथल्या मराठी मंडळाच्या निरोपाच्या ग्रुप फोटोत काकू सोडून सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी तो खातीपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्या शर्माजींकडे दुरुस्तीला दिला. म्हणाले, "चिंता मत करो भाभीजी, फोटोवाले सॉफ्टवेयर का नया वर्जन डलवाया है."

निरोप समारंभात काकांनी भेटीची फ्रेम उघडली, तर सगळ्यांना काकूंचे काजळ घातलेले डोळे. मिशीवाल्या कर्नलसाहेबांनासुद्धा! आणि काकूंना काळा गॉगल.

काका पुटपुटले, "आता भिंतीवरून सगळेच माझ्यावर लक्ष ठेवणार."

मी तिथूनच शर्माजींना फोन लावला. "भैया, काकी को गॉगल क्यों?"

"पुराने में आँखें कॉपी करता था, भाभीजी. नए में अभी कट का बटन ही मिला है. काकीजी के दो छेद रह गए, ढकने तो थे!"