नदीच्या वळणावरची चौदा घरं

नातू : …आणि वर म्हणे, पुरावा कुठाय. अगं, पहिल्या पानावर छापलाय पुरावा. इकडे जुना नकाशा, नदीच्या वळणावर चौदा घरं. इकडे परवा विमानातून काढलेला फोटो, नुसती वाळू. घरं गेली कुठे? शत्रूने पुसून टाकली. पंतप्रधान काल भाषणात म्हणाले ना, ‘त्या चौदा घरांची राख आपल्याला हाक मारते आहे.’ माझ्या अंगावर काटा आला.

नात : फोटोत राख दिसते का तुला?

नातू : ताई, वर्तमानपत्रात नोकरी करतेस म्हणून सगळ्यात खोट काढायची?

नात : एका मेलेल्या माणसाचं नाव सांग. एकच. चौदा घरं जळली, तर एखादी म्हातारी तरी जीव घेऊन पळाली असेल. तिला कुणी भेटलं? तासभर बोलले, त्यात एक नाव नाही.

नातू : नावं येतील मागाहून. चार वाजता आमच्या पलटणीचा ट्रक येतोय. आठ दिवसांत सगळं आटोपणार आहे.

आजी : आठ? मागच्या वेळी पंधरा म्हणाले होते. तुझ्या आजोबांचा भाऊ दाढीचं सामानसुद्धा न घेता गेला. त्याचा वस्तरा अजून माझ्या पेटीत आहे. आण तो पेपर इकडे. चष्मा कुठे ठेवला मी?

नात : कपाळावर आहे.

आजी : हं. … अगं बाई. अगं, हा माझा नकाशा आहे.

नातू : तुझा म्हणजे?

आजी : माझ्या हातचा. नकाशा खात्यात एकतीस वर्षं काय मी भाजी निवडत होते? ही नदीची रेघ बघ, वळणावर जाड झालीये. तेव्हा बोट कापलं होतं माझं. मूळ मापातच छापलाय की. आणि ही घरं… पोरांनो, ही घरं नाहीत.

नातू : नाहीत, तेच तर मी सांगतोय मघापासून.

आजी : नव्हतीच कधी. आमच्याकडे रीत होती. प्रत्येक नकाशात एक खोटी गोष्ट घालायची. कुठे पायवाट, कुठे तळं. दुसऱ्या कुणी आपला नकाशा चोरून छापला, की ती खोटी गोष्टही तिथे उतरायची आणि चोर सापडायचा. जागा मात्र अशी बघायची, की कुणाचं काही अडू नये. तिथे वर्षातले चार महिने पाणी असतं. घर कोण बांधेल?

नात : म्हणजे तेव्हापासून कुणी जाऊन बघितलंच नाही?

आजी : नकाशावरून नकाशा उतरवत आले. छप्पन्न वर्षं.

नातू : आजी, तू एक्याऐंशीची आहेस. गोंधळ होत असेल तुझा.

आजी : पेन्सिल दे. पातळ कागद दे. पेपर तुझ्याकडेच ठेव, मला दाखवू नकोस.

(आजी पाठ फिरवून बसते आणि कागदावर लहान लहान चौकोन काढू लागते.)

आजी : पहिली पाच एका ओळीत, भिंतीला भिंत. सहावं मागे सरकलेलं, शिंपीणबाईंनी पुढे फुलझाडं लावली होती. मग विहिरीपुरती जागा मोकळी. जुळतंय का?

नातू : …जुळतंय.

आजी : मग तीन चिमुकली, एकाला एक चिकटून. तिघे भाऊ वेगळे निघाले, पण भिंतींना कोण वेगळं करणार? मग डॉक्टरीणबाईंचं मोठं. पुढे तीन सारखी. आणि शेवटचं एकटं, तिरकं.

नात : आजी, ही कुणाची घरं आहेत?

आजी : आमच्या गल्लीतली. मी जन्मले ती गल्ली. मागच्या लढाईत तीन मिनिटांत गेली. ती लढाईही अशाच भाषणाने सुरू झाली होती. मी सतरा वर्षांची, खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. पुढे नोकरी लागली, साहेब म्हणाले, या नकाशात खोटं काय घालायचं ते तू ठरव. म्हटलं, कागदावर तरी आमच्या गल्लीला कुणी हात लावणार नाही.

नात : खिडकीच्या काचेवर धर रे दोन्ही कागद. उजेडात… बापरे. कुठे केसभर फरक नाही. थांबा, संपादकांना फोन लावते. हॅलो, संध्याकाळच्या आवृत्तीचं पहिलं पान थांबवा. हो, आत्ताच्या आत्ता… सही? … आजी, ते विचारतायत, नावानिशी सही करशील का. खात्यात गुप्ततेची शपथ घेतली असशील. पेन्शन जाईल, घरी पोलीस येतील.

आजी : येऊ देत. खुर्च्या आहेत आपल्याकडे.

नातू : तू सही केलीस तरी मला जावं लागेल. हुकूम आहे.

आजी : ठाऊक आहे रे राजा.

नातू : यातलं तुझं घर कुठलं?

आजी : ते तिरकं.

नातू : …हा कागद मला दे. ट्रकमध्ये आम्ही तीस जण असू. सकाळपासून सगळे फोनवर त्या राखेबद्दलच बोलतायत.

आजी : तीस. आत्ता वाजले किती?

नातू : पावणेदोन.

आजी : मग बस इथे, आणि पेन्सिलीला टोक करून दे.