अण्णांचा नारळ आणि माझा बंपर

आता तुम्ही म्हणाल, गाडी गॅरेजला का नाही टाकली? बायकोही तेच म्हणत होती. धामणकर नाक्यावर एका रिक्षाने माझ्या गाडीचा पुढचा बंपर उपटला, तेव्हा मीच तिला सांगितलं, "स्क्रू आणि क्लिपा तर आहेत. घरीच बसवतो."

रविवारची अख्खी सकाळ अंगणात गाडीखाली आडवा होतो. पण नवा बंपर बसला. कुठे फट नाही, की हलत नाही. बायकोसुद्धा म्हणाली, "बरं जमलं की!"

तेवढ्यात आमचे वडील, अण्णा, नारळ घेऊन बाहेर आले. "नवीन वस्तू हाय, नारळ नको फोडायला?"

"फोडा की," म्हणालो आणि हात धुवायला नळावर गेलो.

अण्णांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. दर दसऱ्याला ते नारळ फोडायचे तो टेम्पोच्या लोखंडी बंपरवर.

काडकन आवाज आला. वळून बघतो तर नव्याकोऱ्या प्लॅस्टिकला वरपासून खालपर्यंत चीर. अण्णांच्या हातात नारळ, अख्खा.

"अण्णा!"

त्यांनी नारळ कानाशी नेऊन हलवला.

"चांगला हाय. ठेव आत. दुसरा बंपर आणलास की हाच फोडू."