गुणाजीने घेतलेला माझा शनिवार

पाळी गावच्या या देवळात जमलेल्या भावांनो, बहिणींनो, प्रमिलावहिनी, सुजाता बाय. मला बोलायला उभं राहा म्हणालात, पण मी बसूनच बोलतो. काल डायलिसिस झालं, आज पायांत बळ नाही. आणि खरं सांगायचं तर बोलायचंही बळ नाही. गुणाजी जाऊन तीन महिने झाले. तेव्हा त्याचं तोंड बघायला कुणाला मिळालं नाही. वहिनींनाही नाही. म्हणून ही सभा आज होते आहे.

मी सर्वणचा विश्राम. वीज खात्यात लाईनमन होतो. गुणाजी खाणीवर ट्रक चालवायचा. तेव्हा आमची कधी गाठ पडली नाही. दोस्ती झाली ती इस्पितळात, दोघांचीही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, शेजारशेजारच्या खाटांवर. अशी तीन वर्षं. आम्हाला पाणी मोजून प्यावं लागतं. तो तांब्याभर पाणी रात्रीपर्यंत पुरवायचा. मी दुपारीच संपवायचो आणि मग घरच्यांवर खेकसायचो. तो म्हणायचा, "विश्राम, तुझ्या रागाक पाणी जास्त लागता." सिस्टरसुद्धा हसायच्या.

आत्ता माझ्या आधी एक गृहस्थ म्हणाले, गुणाजी कोरोनाशी झुंजला. रागावू नका, पण झुंजला म्हणजे काय केलं हो त्याने? आमच्या हातात काय असतं? टीव्हीवर रोज सांगत होते, घरी राहा. तुम्ही राहिलात. आम्ही कसे राहणार? डायलिसिसचा एक वार चुकला की पाय सुजतात. दोन चुकले की श्वास घेता येत नाही. घरी राहिलो तर ते मरण, इस्पितळात गेलो तर तिथे ही साथ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, तुम्हा लोकांना लागली तर जड जाईल, सांभाळा. आणि पुढची वेळ लिहून दिली. दुसरं काय करणार ते तरी.

साथ आल्यावर त्यांनी आमच्या बॅच वेगळ्या केल्या. गुणाजी सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी मंगळवार, गुरुवार, शनिवार. एका बॅचच्या माणसाने दुसऱ्या बॅचमध्ये यायचं नाही, म्हणजे एकीत कुणाला लागलं तर दुसरी वाचेल.

पण आम्हा लोकांची एक जुनी सवय. वार बदलून घ्यायची. कुणाकडे लग्न असलं, जत्रा असली, श्राद्ध असलं, की एकमेकांत ठरवायचं, तू माझ्या दिवशी जा, मी तुझ्या दिवशी जातो. वर्षानुवर्षं तसंच चाललेलं. तुमच्यासाठी ती साधी गोष्ट. आमच्यासाठी घरचं कार्य गाठायची तेवढी एकच वाट.

यंदा चवथ आली शनिवारी. माझ्या वाराला. माझ्या घरी गणपती, पूजेला मी बसतो. मागच्या वर्षी आजारपणामुळे बसलो नव्हतो. मी गुणाजीला फोन केला. विचारलंसुद्धा नाही नीट, नुसतं कुरकुरलो, की बघ, चवथीलाच माझा वार. तोच म्हणाला, "तू घराक रव. आमचो गणपती दोडामार्गाक, भावाकडे. हद्दीच्या नाक्यावर पोलीस उभे, माका थंय कोण सोडता? माझी खयची चवथ? तुझ्या शनिवारी मी जातंय, तू माझ्या शुक्रवारी जा."

मी शुक्रवारी गेलो तेव्हा सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, काका, बॅच मोडू नका हो. मी म्हटलं, एकच दिवस गो, चवथ आहे. तीही गोंयचीच. चवथ म्हटल्यावर तिने वही पुढे ओढली. तिला कुणी बोल लावू नका, मी गळ घातली म्हणून तिने लिहून घेतलं.

शनिवारी मी पूजा केली. पातोळ्या खाल्ल्या. गुणाजी इस्पितळात माझ्या खाटेवर होता. पुढच्या मंगळवारी आम्हाला कळलं, त्या शनिवारी त्याच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या म्हातारीला कोरोना निघाला. सगळ्यांची तपासणी झाली. माझी साफ आली. गुणाजीची नाही.

त्याला कोविडच्या इस्पितळात नेलं. डायलिसिस तिथेही करत होते. मी फोन करायचो. पहिले चार दिवस बोलला. म्हणायचा, इथे ओळखीचं तोंड नाही, सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, कोण बाई कोण बाप्या कळत नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "दम लागता रे, मागसून बोलतंय." मागसून काही बोलला नाही. मी रोज फोन लावायचो, नुसती रिंग जायची. दुसरं काय करणार होतो? मी जाऊ शकत नव्हतो. वहिनी जाऊ शकत नव्हत्या. अकराव्या दिवशी सुजाताचा फोन आला.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला तीन महिने लागले. सुजाताने सांगितलं, बाबा गेले. मला रडू आलं नाही, बाय. माझ्या मनात पहिलं काय आलं? तो शनिवार माझा होता. मी वाचलो. हेच आलं. मग लाज वाटली. पण आधी तेच आलं.

हे मी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं. पण गेल्या आठवड्यात सुजाता म्हणाली, आई बाजारात जात नाही. चवथीच्या आदल्या दिवशी त्या डिचोलीच्या बाजारात काकडी, नारळ आणायला गेल्या होत्या. त्यांना वाटतं, ती कीड आपणच घरात आणली. आपणच नवऱ्याला दिली. भात गिळवत नाही म्हणे. वहिनी, तुमची तपासणी साफ आली होती ना? मग?

मी डॉक्टरांना विचारलं, कुठून लागलं असेल? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. खाटेवरून असेल, येण्याजाण्याच्या गाडीतून असेल, कुठूनही असेल. त्यांचं खरं असेल. मलाही नक्की माहीत नाही. कुणालाच कधी कळणार नाही.

पण वहिनी, कुणाच्या तरी माथ्यावर ते ओझं बसणारच असेल तर ते तुमच्या माथ्यावर नको. तुम्हाला घर चालवायचं आहे, पोरीचं लग्न करायचं आहे. मला काय काम आहे? मी आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास नुसता छताकडे बघत पडलेला असतो. ते मला द्या. मी तिथे पडल्या पडल्या वागवीन.

गुणाजी, तुला माझा नमस्कार. मंडळी, तुम्ही दोन मिनिटं उभे राहा. वहिनी, तुम्ही उभ्या राहू नका. तुम्ही माझ्याजवळ येऊन बसा.