महेशने जोडलेलं विमान

महेशच्या विमानाचं कौतुक पुरे, त्यात बसलंय का कुणी? मी बसलोय! चोआ चू कांग या उपनगरातल्या आमच्या ब्लॉकमधला हा मरीन इंजिनियर. किट मागवून स्वतः विमान जोडलं, ठेवलं सीमेपलीकडे, शेजारच्या देशात जोहोरला. टर्बाइन इंजिन सुरू झालं आणि मी पट्टा आणखी आवळला.

महेश हेडफोनमध्ये म्हणाला, "घाबरतोस काय? इंधन जास्त पितं, पण दगा देत नाही. जंगलातसुद्धा उतरवीन."

मी विचारलं, "मग वहिनी का नाही आल्या?"

"पोरं लहान आहेत ना. आम्ही दोघं एकदम कधीच बसत नाही."

तेवढ्यात चाकांनी जमीन सोडली. मी मागे वळलो. मागच्या सीटवर माझी बायको डोळे मिटून बसली होती. आणि खाली, वहिनींचा हात धरून, आमची छोटी चिऊ टाटा करत होती.