बाकाचं उद्घाटन

न्हाई न्हाई भाऊ, तिथं नका टेकू — अजून उद्घाटन व्हायचं हाय त्या बाकाचं. प्लास्टिकची पन्नी दिसत न्हाई का, वरून सुतळीनं आवळलीय ती? आता तुमी म्हनताल, बाकाचं कसलं आलंय उद्घाटन, लोखंडाचा बाक, बसायचं आन् उठायचं. मीबी तेच म्हनते. पर मोठा मानूस येनार हाय म्हनं फीत कापायला, आन् त्यो मोठा मानूस काही मोकळा होईना. तवर ऱ्हायचं उभं. फरशी तापलीय, व्हय, पाय भाजत असतील, कळतंय की मला — या, इकडं सावलीत सरका, नारळाच्या पोत्यापाशी. बूट? बूट कसं देऊ? बिल्ला वहिनींकडं हाय ना, आन् त्या गेल्या आत बायांच्या रांगेत. बिल्ल्याशिवाय कुनाच्या चपला द्यायच्या न्हाईत, हा महा पयल्यापासूनचा नियम. आज चतुर्थी, निम्मा जिल्हा लोटलाय लिंबागनेशला, एकाचं बूट दुसऱ्याच्या पायात जायला कितीसा येळ लागतो? येतील वहिनी. गनपतीला सांगायचं लई असतं बायांना.

मही लेक म्हनती, आई, आमच्याकडं बी असंच चाललंय. पुण्याला असती ती, इमानतळावर. इमानात उडती ती न्हाई, खाली असती ती. लोकांच्या पेट्या तोलायच्या, पेटीला पट्टी चिकटवायची, तिकीट हातात द्यायचं, आन् हसायचं — हसायचं पगारातच धरलंय. सगळं उभ्यानं. उभ्यानं कामाचं आमाला काय नवल? मही उमर उसाच्या फडात गेली, वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालं. पर फडावर बी कोप असती हो. पाचटाची का व्हईना, घटकाभर आडवं व्हायला झोपडी असती. लेकीच्या तिथं जिन्याखाली एक खोली, तिच्यात दोन खुर्च्या, एकीचा पाय मोडका, वरून एसीचं पानी गळतं त्याला बादली लावलेली, आन् सगळ्यांचे डबे त्याच बादलीभोवती. मनलं, अगं मग सांगा की वर. तर सांगितलं म्हनली. कवाच सांगितलं. आन् ऐका, खोली झालीसुद्धा! नवी कोरी. सोफे आले, चहाचं मशीन आलं, पाय पसरून बसायच्या खुर्च्या आल्या — सगळं पन्नीत. आन् भायेर कुलूप. कावून? तर उद्घाटन.

त्यांचा लई मोठा साहेब येनार फीत कापायला. पयलं म्हनले पावसाळ्यात येतो, मग म्हनले दिवाळीला, मग संक्रांतीला तिळगूळ घेऊनच येतो म्हनले. दर बारीला झेंडूची फुलं यायची, दर बारीला सुकून जायची. दारात साहेबाचा फोटू लावलाय हा एवढा, हात जोडलेला. पोरं-पोरी जाता-येता त्या फोटूलाच हात जोडतेत, उघडा म्हनतेत, बाप्पा. तिथं भिवराबाई म्हनून झाडूवाली हाय, सगळ्यात जुनी, ती रोज कुलूप पुसती. खोली पुसायला मिळंना तर कुलूप तरी पुसते म्हनती! कालबी व्हतं उद्घाटन. काल बी रद्द. साहेबांना बीडात लगीन निघालं म्हनं. असंल बाबा, लगीन कुनाच्या घरी नसतं?

काय रे धोंडीराम? तू तुझे हार गुंफ ना गुमान. — हा आमचा फुलवाला, रोज त्या बाकावर बसूनच हार करतो, आज खाली बसायला लागलं म्हनून फुगलाय. काय म्हनतो? सकाळपस्तोर बाक उघडा व्हता? ह्या बाईनंच पन्नी गुंडाळली, कावून गुंडाळली इचार म्हनतो? बघा आता. घरचाच मानूस फितूर झाल्यावर कुनाला सांगायचं!

बरं. गुंडाळली. मीच गुंडाळली. लेकीचा काल रातच्याला फोन आला, रडवेली झालती. म्हनली, आई, साहेब बीडाकडंच हायत, लगीन झालं की गनपतीला जानार हायत म्हनं. मनलं, येऊ दे की मग. तिनं फोटू धाडला तुमचा, मी येनाऱ्या-जानाऱ्याचं तोंड बघत बसले सकाळपासून. चार जनांना उगंच उभं केलं, तुमच्यासारखे दिसले म्हनून! हसताय? हसा. फोटूत केस जास्ती हायत तुमचे, म्हनून जरा घोटाळा झाला. पर गाडीतून उतरताना तुमी हात जोडले, अन् मी वळखलं. मनात मनलं, ह्या मान्साला घटकाभर उभं ऱ्हाऊ द्यावं, बाक डोळ्याम्होरं असू द्यावा आन् बसता येऊ नये. बस, एवढंच. राग धरू नका, साहेब. म्हातारीची गंमत समजा. पानी देऊ का? थंड हाय, माठातलं.

आवो, गमतीवरनं आठवलं, ही तर तुमाला सांगायलाच पायजे. तिथं बसायला न्हाई, मग पोरी काय करतेत, तर त्या चाकाच्या खुर्च्या असतेत ना, म्हाताऱ्या मान्सांना ढकलत न्यायच्या, त्याच्यात टेकतेत. परवा मही लेक टेकली. कोट काढून तोंडावर घेतला, आन् लागला की डोळा. तिथं प्रवीण म्हनून नवा गडी लागलेला. त्याला कुनीतरी सांगितलं, कडच्या खुर्चीतल्या आजीला इमानापाशी सोडून ये. ह्यानं बघितलं, आजी झोपलीय, तोंड झाकलंय, उठवायचं कशाला बिचारीला? निघाला ढकलत. लोक वाट देतेत, सरका सरका, आजी चाललीय. थेट इमानाच्या दारापाशी. तिथली पोरगी वाकून नमस्कार करती, कोट हळूच बाजूला करती, तर आपलीच! अजून घटकाभर झोपली असती तर गोव्याला गेली असती फुकटात. तिकडं खरी आजी बसलीय ओरडत. आमी फोनवर हसून हसून मेलो. जावई तर अजून तिला आजीच म्हनतो. मी मनलं, अगं, कुनी एवढं मेल्यागत झोपतं का? पर येतीच की झोप, पाचव्या महिन्यात कुनाला आवरती, मला तर तिच्या येळंला उसाची मोळी डोक्यावर असताना —

काय मनले मी? काही न्हाई मनले.

ऐकलं तुमी. तोंडावरनं कळतंय.

बघा साहेब, शपथ घातली व्हती तिनं मला. कुनाला बोलू नको आई, म्हनली, करार हाय, पुढल्या महिन्यात नवा व्हायचाय, पोट दिसलं तर नवा व्हनार न्हाई. तसं कागदावर न्हाई कुठं, पर तिला भेव हाय. कोट सैल करून घेतलाय. आठ-आठ तास उभी ऱ्हाती, पाय सुजून येतेत, मोजे रुततेत, आन् वरून हसती. आन् मी, तिची आई, साऱ्या जगाला सोडून नेमकी तुमच्याम्होरं बोलले. जीभ झडली न्हाई मही. बाक गुंडाळला ती गंमत व्हती, साहेब. ही गंमत न्हाई. लगीन होऊन सात वर्सांनी दिवस गेलेत पोरीला. ह्याच गनपतीला नवस हाय. मला भेव वाटायलंय, लई भेव वाटायलंय.

नाव? नाव कावून इचारता?

न्हाई सांगनार. पाया पडते, पर नाव न्हाई सांगनार. नाव पायजे असंल तर असं करा — ती खोली उघडा. आन् एक दिवस गुपचूप जाऊन बघा. जी पोरगी पाय वर घेऊन बसलेली दिसंल ना, ती मही. समद्याच बसलेल्या दिसल्या तर समद्या मह्या समजा.

आता काय? कातर? धोंडीरामाची कातर कशाला पायजे तुमाला? दे रे, दे त्यांना. — आवो, आवो साहेब, सुतळी कशाला कापताय, मी सोडते की गाठ... बघा, फाडलीच पन्नी. बसले! धोंडीराम, बसले बघ. झालं बाई एकदाचं उद्घाटन, नारळ तेवढा ऱ्हायला. थांबा, हे तुमचं बूट. घ्या, घाला. बिल्ला नको. वहिनी आल्या की त्यांच्यापाशी मागंन मी.

फोन कुनाला लावताय? मह्या लेकीचं काही बोलनार असाल तर — किल्ली मनलात का? भिवराबाईकडं द्या मनलात? तिलाच कापू द्या फीत मनलात? उद्या कशाला, साहेब, आजच सांगा की. आजच. हां.

गप रे धोंडीराम, साहेब बोलायलेत. मीबी गप बसते.