नांदझरीचा पंप

मंडळी, टाळ जरा थांबवा. आधी एक सांगा: आशा धरणं हे पुण्य की पाप? पुण्य! बघा, किती घाईने माना डोलल्या. मागच्या रांगेत तर झोपेतसुद्धा डोलल्या! बरं, मग ऐका.

कोळशाच्या मुलखात, वर्धा नदीच्या अंगाला, नांदझरी नावाचं गाव. गावाखाली खाण. एके काळी काय थाट! पाळी सुटली की रस्ताभर काळी तोंडं, पांढरे दात अन् भज्यांचा वास! पुढे खाण परवडेना. कुलूप लागलं, पोरं पांगली. झिंगराजी उरकुड्याचा विलास सुरतेला गेला. जाताना म्हणाला, "बाबा, खाण उघडली की येतो."

हा झिंगराजी खाणीचा पंपवाला. खाणीत झिरपलेलं पाणी उपसून नाल्यात सोडायचं, हे त्याचं काम. खाण बंद झाली, पण पंप चालूच! का? आमदार मोरेश्वरभाऊंची कृपा! दर निवडणुकीला म्हणायचे, "पंप चालू आहे ना? मग खाण उघडणार! पंप थांबला की खाण बुडाली!"

आता पंप रात्रंदिवस जमीन उपसतोय म्हटल्यावर गावच्या विहिरीत काय उरणार? पारवे! कोरड्या कपारीत घरटी करून सुखात होते. माणसांना टँकर. टँकर कोणाचा? भाऊंचाच! एका हाताने उपसा, दुसऱ्या हाताने वाटप, अन् हार मात्र एकाच गळ्यात!

झिंगराजीची बायको अनसूया टँकरवर भांडून यायची अन् त्याच्यावर बरसायची. "तुमी पाणी नाल्यात सोडता, अन् मी त्याच पाण्यासाठी लोकायचे धक्के खाते!"

"विलाससाठी चालवतो नं व."

ती हंडा उचलून आत जायची. त्या नावापुढे भांडण कसलं?

एकदा दुपारी पंपघरासमोर भाऊंची सभा. भाऊ उभे राहिले, "बंधू-भगिनींनो—" मागून पंप, घर्रर्र! पुन्हा "बंधू—" घर्रर्र! भाऊ भडकले. "अरे झिंगराजी, बंद कर ते! माझा आवाज पोचत नाही!"

खटका पडला. भाषण झालं, भाऊ निघून गेले. चालू कर म्हणायला विसरले.

झिंगराजीने खटक्याकडे हात नेला, अन् थांबला. इतक्या वर्षांनी तिथे शांतता! अन् त्या शांततेत, खाणीच्या तोंडातून, खोल खालून, पाण्याचा आवाज! मंडळी, माणसांनी डोंगर-डोंगर कोळसा नेला. ती एवढी थोरली पोकळी, अन् पाणी तिच्यात परत येत होतं. काळोखात. कोणाला न विचारता, कोणाला आश्वासन न देता! आपल्या घरी!

ज्याला जन्मभर हाकललं, त्याच्यापुढे झिंगराजीने टोपी काढली. पण काळजात विलास! हे पाणी चढलं की पोराची वाट बुडाली. हात पुन्हा खटक्याकडे गेला... अन् खटका न दाबताच खाली आला.

लोक विचारायचे, पंप बंद काहून? हा म्हणे, "भाऊंनी बंद कराले सांगतलं. चालू कराले कुठं सांगतलं?" असा आज्ञाधारक कार्यकर्ता पक्षात दुसरा नव्हता!

दिवस गेले. एका सकाळी अनसूया विहिरीवरून चालली होती. पाहते तर पारवे काठावर! सगळे बाहेर, पिसं फुगवून बसलेले. ती वाकली. खाली आभाळ होतं! ढगासकट आभाळ, अन् त्यात तिचं स्वतःचं तोंड. तिने हातातला रिकामा हंडा काठावर बडवला. गाव जमलं. म्हाताऱ्या बाया काठाला हळदकुंकू लावून नुसत्या बघत राहिल्या.

भाऊ धावत आले. "पंप कोणी थांबवला? खाण बुडाली!"

अनसूयाने तांब्या पुढे केला. "प्या जी भाऊ. आमच्या विहिरीचं आहे."

भाऊंनी घोट घेतला. गर्दीकडे पाहिलं. अन् हात वर करून गरजले, "हे पाणी मीच आणलं!"

मंडळी, हसू नका. भाऊंच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं वाक्य!

त्या दिवशी झिंगराजीने सुरतेला फोन लावला. "विलास, खाण बुडाली बाप्पा."

तिकडून, "आता कायले येऊ, बाबा?"

"पाणी प्याले ये."

आता पुन्हा विचारतो: आशा धरणं पुण्य की पाप? का हो, आता का डोलत नाहीत माना? प्रत्येकाच्या घरामागे एक पंप घरघरतोय. इतकी सवय झाली की ऐकूच येत नाही! तुमच्या विहिरीत पारवे किती, ते तुम्ही बघा. माझा पंप तर मी इथेच बंद करतो. टाळ वाजवू नका. घटकाभर गप्प बसा, अन् ऐका. खालून काही येतंय का?